बारा की मारा

कामगारांच्या चळवळीवर जाडजाड पुस्तकं निघाली आहेत. त्यात या गिरणीच्या संपाला चार ओळी मिळतात, आणि सगळीकडे त्याच चार ओळी: पहिल्या दिवशी गोळीबार झाला, माणसं मेली, मग कामगारांनी रस्त्यावर बसून मूक संप केला. मूक म्हणे! त्या दिवशी त्या रस्त्यावर जेवढी बडबड झाली तेवढी लग्नघरातसुद्धा होत नाही. टिंगल झाली, भांडणं झाली, शिव्या तर विचारूच नका. फक्त आवाज निघाला नाही, इतकंच. आणि सगळ्यांत जास्त जी बोलली ती चिमणी.

चिमणी हे तिचं घरातलं नाव. लहानपणापासून तोंड मिटायचं नाही, म्हणून थोरल्या भावानं ठेवलेलं. आईबाप लवकर गेले, थोरल्यानंच तिला वाढवलं. चौथीपर्यंत शाळेत घातलं. पाचवीला मास्तरांनीच हात जोडले, म्हणाले, ही घरी राहिली तर बाकीची पोरं शिकतील. थोरल्याला त्याचं काही वाटलं नाही. तो स्वतः तेवढाच शिकलेला. आमच्या घरात अक्कल जन्मताच येते, शाळेची वाट बघत नाही, असं तो चारचौघांत सांगायचा. पुढे तो गिरणीत घडीखात्यात लागला, तयार कापडाच्या घड्या घालायला, आणि बहिणीलाही मागावर लावून दिलं. तेव्हापासून लोक म्हणायला लागले, या गिरणीला आता दोन चिमण्या. एक धूर सोडते, दुसरी शब्द.

मागखातं म्हणजे काय ते आत गेल्याशिवाय कळत नाही. लांबच लांब शेड, एकाला एक लागून माग, प्रत्येकात सूत वाहणारा धोटा इकडून तिकडे आपटतोय. जमीन थरथरते, दात वाजतात, शेजारचा माणूस कानात ओरडला तरी नुसती त्याची वाफ लागते. पहिल्या दिवशी चिमणी बाहेर आली ती कान धरून. थोरल्यानं विचारलं, "काय गं, जमेल ना?" तर ती म्हणाली, "जेवण? हो, वाढ." थोरला पोट धरून हसला.

खरं दुःख तिला आवाजाचं नव्हतं. एवढ्या बायका आणि बोलता येत नाही, याचं होतं. पण दुसऱ्याच दिवशी तिच्या लक्षात आलं की सगळ्या बोलतायत. शेजारच्या मागावर आत्या होती. सगळ्या खात्याचीच आत्या, केस पांढरे, पुढचे दोन दात धोट्याच्या भोकातून सूत तोंडानं ओढून ओढून झिजलेले. ती शेडच्या पार त्या टोकाच्या बाईशी ओठांनी बोलत होती, आणि ती बाई तिकडे खो खो हसत होती. मागखात्यात सगळे ओठ वाचायचे. कुणाच्या घरी भांडण झालं, कुणाला दिवस गेले, साहेबाचा सदरा कुठे उसवलाय, सगळं ओठांवरून ओठांवर जायचं.

फक्त त्यात एक गोम होती. प, ब आणि म म्हणताना ओठ सारखेच मिटतात. आवाज नसला की पान आणि मान एकच. बाबा आणि मामा एकच. त्यावर मागखात्यानं आपली युक्ती काढली होती: म असला की नाकाला बोट लावायचं, ब असला की गालाला, प असला की काहीच नाही. आत्यानं चिमणीला हे पहिल्या आठवड्यातच शिकवलं आणि दम दिला, "बोट विसरलीस तर घोटाळा करशील."

घोटाळे व्हायचेच. चष्मेवाली म्हणून एक बाई होती, जाड भिंगांची, मनाची घाई असलेली. एकदा कडेच्या मागावरची पोरगी म्हणाली, मामा वारले. हातात सूत होतं म्हणून नाकाला बोट लावायचं राहिलं. चष्मेवालीनं ते गालाला बोट लावून पुढे पाठवलं. अर्ध्या खात्यानं पोरीच्या बापासाठी डोळे पुसले. संध्याकाळी तोच बाप लेकीला न्यायला फाटकावर उभा, तर दोन बायका किंचाळून मागे पळाल्या. तो बिचारा घाबरून स्वतःच्याच मागे बघायला लागला, की कोण आलंय.

चिमणी वर्षभरात या बोलण्यात सगळ्यांच्या पुढे गेली. ही भावाची बढाई नाही, आत्यानंच कबूल केलं होतं. नवरासुद्धा तिला याच खात्यात मिळाला. तो तेलवाला, हातात लांब चोचीचा डबा घेऊन मागांना तेल घालत फिरायचा. दिवसभरात दहा शब्द बोलला तर फार. लग्न ठरलं तेव्हा आत्या म्हणाली, "बरं झालं बाई, घरात एक तरी ऐकणारा हवा."

मग सहा मागांचं प्रकरण निघालं. तोपर्यंत एका माणसाकडे चार माग असायचे. चारांतच जीव मेटाकुटीला यायचा. एकीकडे सूत तुटलं की दुसरीकडे सुताची कांडी संपायची. एका सकाळी मुकादम येऊन म्हणाला, पुढच्या सोमवारपासून प्रत्येकानं सहा बघायचे. मुकादम स्वतः मागावरूनच वर चढलेला, पण वर गेल्यावर खालचं विसरला होता.

चिमणी म्हणाली, "साहेबांना विचारा, वरचे दोन हात ते देणार की मी आणू?"

"फार बोलतेस तू."

"दोन तोंडांचं काम एका तोंडानं करते. सहा माग काय ते मला शिकवू नका."

त्यावरून संप झाला, माग बंद पडले. बायका आधी, मग पुरुष, मग पिंजणखातं, मग रंगखातं. सगळे फाटकाबाहेर जमले. कंपनीनं काठ्या घेतलेले रखवालदार सोडले. काठीचा पहिला फटका कुणाला बसला यावर आजही वाद आहेत. पण काठ्या त्यांच्याकडे होत्या आणि डोकी यांची फुटली, यावर वाद नाही. मग इकडून दगड गेले, कांड्या गेल्या, ऑफिसच्या काचा खळाखळा खाली आल्या. पोलीस आले आणि त्यांनी गोळ्या झाडल्या. पिंजणखात्यातला एक माणूस जागीच पडला. झाडूवाली एक बाई भिंतीला टेकून बसली ती उठलीच नाही. पिंजणवाला चिमणीच्या खोलीला लागूनच राहायचा. सकाळी त्यानं तिच्याकडून काडेपेटी नेली होती.

त्याच धावपळीत तेलवाल्याला धरलं. तो आपला नेहमीसारखा हातात तेलाचा डबा घेऊन बाहेर आलेला. डबा ठेवून यायचं त्याला सुचलंच नाही. पोलिसांनी लिहून घेतलं, गिरणीला आग लावायला तेल घेऊन आला. आणि तो असा माणूस, की असल्या वेळीसुद्धा तोंडातून अक्षर काढलं नाही. संपाच्या पुढाऱ्यांबरोबर त्यालाही आत टाकलं.

दुसऱ्या दिवशी हुकूम निघाला. रस्त्यात घोषणा द्यायची नाही, भाषण करायचं नाही, चारपेक्षा जास्त माणसांनी एकत्र उभं राहायचं नाही. फाटकावर पाटी लागली: सोमवारी भोंगा झाल्यावर जो आत येईल त्याचं काम राहील, बाकीच्यांनी पुन्हा तोंड दाखवायचं नाही. आणि आत येईल त्याला माग सहा.

युनियनचा वकील रविवारी चिमणीच्या खोलीवर आला. सरकारचा मोठा अधिकारी सोमवारी दुपारी बारा वाजता येणार होता. वकील म्हणाला, "तोपर्यंत फाटक रिकामं राहिलं आणि रस्ता शांत राहिला, तर तो कंपनीला बोलायला बसवेल. पण एक दगड जरी गेला, तर सगळं खलास. आत असलेल्यांवर दंगलीचा आणि जाळपोळीचा खटला भरतील. तुमचे यजमान..." आणि तो चपला घालायला लागला.

"किती वर्षं?" चिमणीनं विचारलं.

"ते विचारू नका."

वकील गेल्यावर थोरला म्हणाला, "तू घरी बस. मी बघतो रस्त्याचं."

"दादा, तू काय बघणार? तुला ओठ वाचता येतात का?"

"मला तुझं तोंड वाचता येतं, तेवढं पुरे."

"मग वाच," असं म्हणून तिनं आवाज न करता काहीतरी म्हटलं. थोरल्याला ते कळलं, आणि ते इथं लिहिण्यासारखं नाही.

सोमवारी पहाटेपासून माणसं रस्त्यावर यायला लागली. एकेकटी, दोन-दोन, हुकुमाप्रमाणे अंतर ठेवून. फाटकाजवळ मागखात्यातल्या बायका, पुढे विणकर पुरुष, आणि पार लांब वळणावर रंगखातं आणि पिंजणखातं. त्या वळणावरच्या लोकांच्या खिशात दगड होते. आपला माणूस मेलाय, हातपाय शिवशिवत होते. थोरला मुद्दाम तिथेच उभा राहिला. त्यांना आवरेल असा दुसरा कुणी नव्हता.

फाटकावर बंदूकवाले पोलीस, त्यांचा फौजदार, आणि बाजूला मुकादम. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. प्रत्येकाच्या मनात एकच भीती: शेजारचा आत गेला तर? आणि तो गेला तर मी कशाला मरू?

मग कंपनीनं एक शहाणपणा केला. आत काम सुरू आहे असं भासवायला त्यांनी सगळे माग रिकामेच चालू केले आणि शेडचे दरवाजे सताड उघडे टाकले. धडधड रस्त्यावर आली. खिडक्या थरथरल्या. फौजदारानं कानावर हात घेतले. आणि मागखात्यातल्या बायकांचे चेहरे एकदम सैल झाले. म्हणजे काय, घरी आल्यासारखं वाटलं. रस्त्याचं मागखातं झालं होतं.

चिमणी बंद दुकानाच्या पायरीवर चढली. तोंड सगळ्यांना दिसेल अशी उभी राहिली आणि बोलायला लागली. भोंगा झाला, तो दिसला फक्त, त्याची वाफ वर गेली म्हणून.

"आत कोण जातंय?" तिनं ओठांनी विचारलं.

"मी जाते," आत्या पलीकडून म्हणाली. सगळ्या तिच्याकडे बघायला लागल्या. "साहेबाच्या थोबाडीत द्यायला. पण हात पोचत नाही, म्हणून राहू दे."

रस्ताभर हसू पसरलं, आवाज न होता. कुणी म्हणालं, सहा माग आणि चार पोरं, नवऱ्याला कुठल्या खिळ्याला टांगू? कुणी विचारलं, पाय दुखतायत, वळणावरून निरोप आलाय, अजून किती? एकीनं रडत सांगितलं की घरात काही नाही, मी जाणार. तिच्याशी चौघी चार बाजूंनी बोलल्या, आणि ती थांबली. हे सगळं पोलिसांच्या नाकासमोर. त्यांना दिसत होती ती नुसती गप्प उभी माणसं.

पण मुकादमाला दिसत होतं. त्याला ओठ वाचता येत होते. त्यानं फौजदाराच्या कानाला तोंड लावून ओरडून सांगितलं, आणि फौजदार तावातावानं पायरीपाशी आला.

"काय बडबडतेस?" तो ओरडला.

"तुम्हाला काही ऐकू आलं?" चिमणी त्याच्या कानात ओरडली.

"ओठ हलतायत तुझे!"

"मग ओठ हलवायची बंदी आहे असं लिहा की हुकुमात!"

फौजदार खिशात हुकूम शोधायला लागला. तेवढ्यात मुकादम पुढे झाला. "साहेब, हिचे हात धरा. हात धरले की ही मुकी."

दोन शिपायांनी तिचे दोन्ही हात पाठीमागे धरले. नेमकं त्याच क्षणी वळणावरून आलेला निरोप चष्मेवालीनं रस्त्याच्या मधून पुन्हा विचारला: किती वाजेपर्यंत थांबायचं? लोक विचारतायत.

चिमणी म्हणाली, "बारा."

आणि गालाला लावायला बोट नव्हतं.

नुसते ओठ गेले. त्याचं पारा झालं असतं तर कुणाचं बिघडलं नसतं, पण पारा कशाला कोण म्हणेल? चष्मेवालीनं हात मागे धरलेली चिमणी पाहिली, शिपाई पाहिले, आणि तिच्या मनात जे उसळलं तेच तिनं वाचलं. ती वळणाकडे वळली आणि बोट नाकाला लावून म्हणाली: मारा.

चिमणीला ते बोट दिसलं. नाक नाही गं, गाल, गाल! ती ओरडलीसुद्धा, पण त्या धडधडीत तिचा आवाज शिपायालाही ऐकू गेला नाही. तिनं हात ओढले, शिपायांनी आणखी आवळले. निरोप तिच्या डोळ्यांदेखत रस्त्यानं पुढे चालला होता. एक नाक, दुसरं नाक, तिसरं नाक. शेवटच्या विणकरानं तो वळणावरच्यांना तोंडानं ओरडून सांगितला. वळणावर हात खिशात जायला लागले. फाटकावरचे बंदूकवाले सरळ उभे राहिले. तिला तेलवाला दिसला, कोठडीत, गप्प बसलेला. एक दगड, आणि तो कायमचा गप्प.

पुन्हा बारा म्हणून उपयोग नव्हता. पुन्हा मारा झालं असतं. दुपार म्हणावं तर त्यातही त्यांनी मारच वाचला असता. थांबा म्हणावं तर निरोप फार पुढे गेला होता, इतक्या लांबून ओठ दिसले नसते. असं काहीतरी हवं होतं की जे ओठांवाचून कळेल, आंधळ्यालाही दिसेल.

ती बसली.

म्हणजे पायच सोडून दिले. सगळं वजन खाली. दोघं शिपाई बेसावध, हात सोडायचं सुचलं नाही, तेही तिच्याबरोबर पायरीवर आपटले. एकाची टोपी घरंगळत गटारापर्यंत गेली. समोर आत्या. तिनं चिमणीकडे एकदा पाहिलं, का आणि कशाला काही विचारलं नाही, आणि गुडघ्यावर हात ठेवून खाली बसली. तिच्या शेजारची बसली. मग त्या बाजूच्या सगळ्या. वाऱ्यानं गवत आडवं व्हावं तसा रस्ता फाटकापासून वळणापर्यंत खाली गेला. चष्मेवाली चष्मा सावरत मधेच उभी राहिली, मग तिलाही कुणीतरी कपड्याला धरून खाली ओढली.

वळणावर पहिला थोरला बसला. तिथला कुणीही सांगेल. बहीण खाली गेलेली त्याला एवढ्या लांबून दिसली, आणि त्याला एका क्षणात उमगलं की ही पडलेली नाही, बसली आहे. आमच्या घरातलं माणूस पडताना वेगळं दिसतं. त्याच्या पुढच्या रंगखात्यातल्या पैलवानानं हात उगारला होता. थोरल्यानं त्याच्या कमरेला मिठी मारली आणि त्याला घेऊनच बसला. पैलवान भडकला, "सोड! मारा म्हणालेत!"

"ती बसलीय, दिसत नाही? मारायला सांगणारं माणूस आधी स्वतः बसतं का?"

पैलवानानं पुढे पाहिलं. सगळा रस्ता बसलेला. त्यानं दगड आपल्या मांडीखाली सारला आणि वर बसला. पाठोपाठ सगळं वळण बसलं.

गोळीबाराच्या इशाऱ्यासाठी फौजदाराचा हात वर गेलेला, तो तसाच राहिला. धावून येणाऱ्या माणसांवर काय करायचं ते त्याला शिकवलेलं होतं. मांडी घातलेल्या माणसांचं काय करायचं, हे कुणी शिकवलं नव्हतं. त्यानं हात खाली घेतला. मुकादमाला काहीतरी बोलला, आणि ते मागखात्यानं लांबूनच वाचून पुढे पाठवलं. फार गोड शब्द नव्हते.

चिमणीनं आधी हात सोडवून घेतले. एक शिपाई टोपी शोधायला गेला होता, म्हणून जमलं. मग बोट गालाला लावलं, एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा: बारा. बारा. बारा. चष्मेवालीनं कपाळावर हात मारून घेतला. दोनतीन लोकांना सकाळी आत जायचंच होतं, पण आता जायचं म्हणजे ओळखीच्या मांड्यांवरून ढांगा टाकत जायचं. एक जण निघाला. चौथ्या मांडीपाशी त्याची सख्खी मावशी बसलेली निघाली. तोही बसला.

नंतर दुसऱ्या गिरण्यांतही लोक असे बसायला लागले. आपल्या चळवळीत बसणं आलं ते इथून. त्यामागे फार मोठा विचार होता असं लिहिणारे लिहोत. विचार करायला त्या बाईला पापणी मिटण्याएवढा वेळ मिळाला होता, आणि तेवढा तिला पुरला.

सरकारी अधिकारी बाराला आला. गाडी पुढे जाईना, म्हणून उतरून माणसांच्या मधून चालत फाटकापर्यंत आला. पाठोपाठ साहेब बाहेर आला. अधिकाऱ्यानं कागद काढला, साहेबाची त्यावर सही घेतली आणि वाचायला लागला. एक शब्द कुणाला कळेना. लोक शांतपणे त्याच्या ओठांकडे बघत राहिले, पण त्याच्या मिशा भारी होत्या. शेवटी त्यानं कागदानंच शेडकडे खूण केली. साहेबानं तोंड वाकडं करून माग बंद करायला सांगितलं.

धडधड थांबली तेव्हा कानांत दडे बसल्यासारखं झालं. अधिकारी पुन्हा पहिल्यापासून वाचू लागला. बोलणी होईपर्यंत माग चारच राहतील. कुणालाही कामावरून काढणार नाहीत. अटक झालेल्यांना आज संध्याकाळी सोडतील. त्यानं मान वर केली. "मान्य आहे?"

कुणी बोललं नाही.

"अहो, मान्य आहे का? बोला!"

चिमणी बसल्या जागेवरूनच म्हणाली, "आम्हाला बोलायची बंदी आहे. आधी ती उठवा, मग बोलतो."

अधिकाऱ्यानं फौजदाराकडे पाहिलं. फौजदारानं जमिनीकडे. "उठवली," अधिकारी म्हणाला.

"मोठ्यानं सांगा. वळणावर ऐकू गेलं पाहिजे."

"बंदी उठवली!" अधिकारी खरंच ओरडला.

इतके दिवस आवाज कोंडलेला, आता कुठून सुरू करायचं तेच कळेना. घोषणा होईल असं थोरल्याला वाटलं. त्यानं छाती भरून श्वासही घेतला होता. पण पहिला आवाज पिंजणवाल्याच्या बायकोचा आला. ती फाटकाच्या अगदी समोर बसली होती. ती उठून उभी राहिली.

"साहेब, गोळी झाडायला कुणी सांगितलं होतं?"

अधिकाऱ्यानं कागद उलटून पाहिला. त्यात तसलं काही नव्हतं. "त्याची चौकशी होईल, बाई."

"होईल तेव्हा मी येईन," ती म्हणाली. "कुठं यायचं ते आत्ता सांगा."

आणि ती बसली नाही. ते बघून चिमणी उठली, तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली. मग आत्या. मग एकेक करत सगळा रस्ता उभा राहिला, आणि अधिकाऱ्याला चौकशीची जागा आणि दिवस सगळ्यांच्या देखत सांगावा लागला.